इंडिकाचाच आहे की!

कल्याण-शीळ रस्त्याला लागून एक पत्र्याच्या शेडचं गॅरेज आहे. भर दुपारी तिथे एक गृहस्थ आले, हातात कापडी पिशवी, बंद ताणून बोटांत रुतलेले. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना अल्टरनेटर होता, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज तयार करणारं आणि बॅटरी भरणारं यंत्र, पाच-सहा किलोंचं. सकाळी कुर्ल्याला जाऊन भंगारवाल्यांच्या गल्लीतून तो निवडून, लोकलच्या गर्दीतून सांभाळत आणलेला. त्यांची गाडी, जुनी इंडिका व्ही-टू डिझेल, आदल्या दिवसापासून बॉनेट उघडून उभी होती आणि तिचा उतरवलेला अल्टरनेटर लाकडी बाकावर ठेवलेला होता. मिस्त्रीने पिशवीतला त्याच्या शेजारी ठेवला, दोघांच्या पुल्या एका बाजूला करून. मोजपट्टी लावायची गरजच पडली नाही. गाडीतून निघालेल्याच्या मागे मुठीएवढं शेपूट होतं, पिशवीतल्याला नव्हतं. गृहस्थ म्हणाले, "इंडिकाचाच आहे की! विचारून घेतलाय मी." मिस्त्रीने वाद घातला नाही. त्या शेपटावर काळं बोट ठेवून त्याने एवढंच विचारलं, "काका, ब्रेक कशावर लागणार?"

तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

कारण विकणारा खोटं बोललेला नव्हता. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून १९९८ मध्ये आलेली ती इंडिका, आणि २००८ मध्ये आलेली व्हिस्टा तीही इंडिकाच. पहिलीत टाटांचं स्वतःचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन. व्हिस्टाच्या क्वाड्राजेटमध्ये मात्र फियाटचं १२४८ सीसीचं, रांजणगावला तयार झालेलं. हेच इंजिन मारुतीने स्विफ्टमध्ये डीडीआयएस म्हणून घातलं, फियाटने पुंटोत मल्टिजेट म्हणून. म्हणजे एका नावाखाली दोन वेगळी इंजिनं, आणि एका इंजिनाला तीन वेगळी नावं. दुकानात जाऊन "इंडिका डिझेलचा द्या" म्हणणाऱ्याला यातलं काय मिळेल, हे त्या दिवशी राशीत वर काय पडलंय त्यावर ठरतं. अल्टरनेटरला गाडीचं नाव ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतो तो ब्रॅकेट, तो पट्टा आणि त्या दोन-चार वायरी.

आता त्या शेपटाचं. पेट्रोल गाडीत हवेच्या वाटेवरच्या झडपेमुळे, म्हणजे थ्रॉटलमुळे, इनटेकमध्ये ओढ (व्हॅक्यूम) तयार होते आणि तीच ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरला पुरते. जुन्या डिझेलला थ्रॉटल नाही, म्हणून ओढही नाही. तिच्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. जुन्या इंडिकात, सुमो-बोलेरोच्या कित्येक मॉडेलांत हा पंप अल्टरनेटरच्याच शाफ्टवर मागच्या टोकाला बसवलेला असतो. क्वाड्राजेटमध्ये तो इंजिनाच्या हेडवर, कॅमशाफ्टवर चालतो, त्यामुळे तिथला अल्टरनेटर बिनशेपटाचा. शेपटाच्या पंपाला तीन पाइप असतात. बारीक पाइपने इंजिनचं ऑइल येतं, जाड पाइपने ते परत इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं, आणि तिसरा ओढीचा पाइप एकाच दिशेने हवा जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून बूस्टरला जातो. समजा कुणी घाईत ब्रॅकेट जुळवून बिनशेपटाचा बसवलाच आणि पाइपांची तोंडं बंद करून टाकली. गाडी सुरू होईल, चार्जिंगचा लाल दिवा विझेल, बॅटरीवर चौदा व्होल्ट दिसतील. पहिला ब्रेक लागेल, कदाचित दुसराही, कारण बूस्टरमध्ये तेवढी ओढ साठलेली असते. मग पेडल दगडासारखं घट्ट होईल. कल्याणकडे परतणारी गाडी माळशेज उतरत असताना हे कळणं म्हणजे काय, ते सांगायला नको. म्हणून माझ्या मते अल्टरनेटर जुळवताना पहिला प्रश्न अँपिअरचा नाहीच, मागे पंप आहे की नाही हा आहे.

पंपवाला घ्यायचा तर आणखी दोन गोष्टी हाताने बघता येतात. ओढीच्या तोंडावर बोट घट्ट दाबून पुली तिच्या फिरण्याच्या दिशेने जोरात फिरवायची. आत थेंबभर ऑइल असेल तर बोटाचं मांस आत ओढलं गेल्यासारखं वाटतं. काहीच जाणवलं नाही तर पंपातल्या पात्या झिजल्यात किंवा अडकल्यात. दुसरं, मागच्या जाळीतून टॉर्च मारून बघायचं. कार्बनच्या, म्हणजे आत घासून वीज पोचवणाऱ्या ठोकळ्यांच्या, जागी काळा ओला चिखल दिसला तर पंपाचं सील गेलेलं आहे आणि ऑइल अल्टरनेटरच्या पोटात उतरलंय. पुष्कळदा दोष सीलचाही नसतो, परतीचा जाड पाइप दबलेला किंवा चोंदलेला असतो. ऑइलला बाहेर जायला वाट उरत नाही आणि ते सील फोडून आत शिरतं. तो पाइप तसाच ठेवून दुसरा अल्टरनेटर लावला तर त्याचंही तेच होणार. आणि बसवण्याआधी पंपात चार-पाच थेंब इंजिन ऑइल सोडायचं, नाहीतर ऑइल येईपर्यंतच्या पहिल्या काही सेकंदांत पात्या कोरड्या घासतात.

कुर्ल्याच्या त्या गल्लीत अल्टरनेटर नारळांसारखे रचलेले असतात. ओल्या गंजाचा आणि जळक्या ऑइलचा वास, पायाखाली काळं पाणी, वरून निळ्या ताडपत्रीतून पडणारा उजेड. निवडायची रीतही नारळासारखीच, हलवून आणि कानाजवळ धरून. पण नारळ घ्यायला जाताना घरून दुसरा नारळ न्यावा लागत नाही. इथे मात्र आपला जुना सोबत नेणं हाच खरा उपाय. तो नेता येत नसेल तर निदान पुढून, मागून, कप्लरच्या (वायरींच्या प्लगच्या) बाजूने आणि लेबलाचा असे चार फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले. लेबल वाचता आलं तर अर्धं काम होतं. बॉशचा नंबर बहुधा ० १२४ ने सुरू होतो, मित्सुबिशीचा ए-टू-टी किंवा ए-फाइव्ह-टी सारख्या अक्षरांनी. हिताचीच्या एलआर १७० मध्ये एकानंतरचे सत्तर म्हणजे सत्तर अँपिअर. नंबर अक्षरशः जुळला तर बाकीचं मोजमाप फक्त खात्रीपुरतं. पण रीबिल्ट, म्हणजे खोलून पुन्हा जोडलेल्या, मालात एका अल्टरनेटरचं कव्हर दुसऱ्याच्या पोटावर चढलेलं असू शकतं. लेबल नव्यासारखं चकचकीत आणि बाकी अंग मळकट दिसलं, तर लेबलावर विसंबू नये.

मग कान. ब्रॅकेटला बोल्टने अडकणाऱ्या त्या ॲल्युमिनियमच्या पाळ्यांना मिस्त्री लोक कान म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे, कारण ओढाताण केली की तेच तुटतात. खालच्या दोन कानांमधलं अंतर, भोक आठ मिलिमीटरचं की दहाचं, वरचा ताणाचा कान कुठल्या अंगाला आणि त्यात आटे आहेत की आरपार भोक, एवढं व्हर्नियरने बघायचं. खालच्या कानात बहुतेक वेळा एक लोखंडी बुश सरकता बसवलेला असतो. बोल्ट आवळला की तो सरकून ब्रॅकेटला टेकतो आणि अंतर आपोआप भरतं. जुन्या मालात तो आवळलेल्या जागी गंजून बसलेला असतो. अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये शिरत नाही, म्हणून लोक हातोडी घेतात आणि कान जातो. बोल्टवर नट चढवून हलकेच ठोकून तो बुश दोन मिलिमीटर मागे घेतला की काम होतं. उलट फट राहत असेल तर पोलादी वॉशर भरावा, बोल्टच्या जोरावर कान वाकवून फट मिटवू नये.

पुलीवर मी जरा जास्तच रेंगाळणार आहे, कारण फसगत इथेच सगळ्यात जास्त होते. जुन्या गाड्यांना व्ही पट्टा, नंतरच्यांना बारीक नाळ्यांचा रिब पट्टा, चार, पाच किंवा सहा नाळ्यांचा. दोन नाळ्यांमधलं अंतर साडेतीन मिलिमीटरहून किंचित जास्त, ३.५६. पुढच्या कानाच्या पृष्ठभागापासून पहिल्या नाळीपर्यंतचं अंतर दोन्ही अल्टरनेटरांवर मोजायचं. ते एक नाळीने चुकलं तरी पट्टा चढतो, फिरतो, पहिले दोन दिवस आवाजही करत नाही. मग थंड सकाळी चिमणीसारखी चिवचिव सुरू होते, पट्ट्याच्या कडेचे धागे सुटतात, पुलीमागे रबराची काळी पूड साठते. गाडीवर चढवल्यावर सरळ पट्टी क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य, पुलीला लावून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत नेली की चूक लगेच दिसते. पुलीच तेवढी वेगळी असेल तर आपली जुनी काढून त्यावर बसवता येते. मात्र शाफ्टची जाडी बघून, कारण पंधरा मिलिमीटरच्या शाफ्टला सतराची पुली चालत नाही. काही नव्या डिझेल गाड्यांची पुली एका दिशेला मोकळी फिरते आणि दुसऱ्या दिशेला पकडते. ती खोलायला तेहतीस दातांचं खास टूल लागतं. दोन्हीकडे मोकळी फिरली किंवा दोन्हीकडे घट्ट राहिली तर ती गेलेली. तिच्या जागी साधी पुली चढवली तर चार्जिंग होईल, पण डिझेलच्या धक्क्यांनी पट्टा फडफडत राहील आणि तो ताणून धरणारा टेन्शनर लवकर मरेल.

पुलीचा घेरही बघायचाच. क्रँकची पुली दीडशे मिलिमीटरची आणि अल्टरनेटरची साठची, तर इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर असताना अल्टरनेटर दोन हजारांवर. पुली पंच्याहत्तरची आली की तोच सोळाशेवर येतो. लेबलावर कधी ५०/९० अँपिअर असे दोन आकडे असतात. पहिला अल्टरनेटरच्या पंधराशे फेऱ्यांवरचा, दुसरा सहा हजारांवरचा. दुकानात सगळे दुसराच आकडा विचारतात. पण पावसाळ्यात शीळफाट्याला तासभर अडकलेल्या गाडीत, एसी, वायपर, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर चालू असताना, पहिला आकडाच बॅटरी वाचवतो.

मूळच्यापेक्षा कमी अँपिअरचा घेऊ नये. तो सतत पूर्ण ताकदीने चालतो, तापतो आणि आधी त्याचे डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, जातात. जास्तीचा चालतो; अल्टरनेटर मागितलं तेवढंच देतो. फक्त बॅटरी उतरलेली असली की ती भरमसाट मागते आणि सगळा प्रवाह त्या एका जाड वायरीतून जातो. सत्तर अँपिअरला असलेली दहा चौरस मिलिमीटरची वायर एकशेवीसला पुरत नाही. वायर तीच ठेवून नुसता मोठा फ्यूज घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

कप्लरचा आकार सारखा म्हणजे वायरी सारख्या, असं नसतं. बी प्लस म्हणजे जाड वायर, चावी बंद असतानाही जिवंत, म्हणून सगळ्यात आधी बॅटरीचं मायनस काढायचं. एल म्हणजे मीटरमधल्या लाल दिव्याची, आयजी म्हणजे चावीनंतरची, एस म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज थेट बघणारी, आणि जुन्या डिझेलांत डब्ल्यू म्हणजे आरपीएम काट्याची. एल आणि आयजीची अदलाबदल झाली तर दिव्याशिवाय थेट बारा व्होल्ट आत जातात आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर एका क्षणात जळतो. तो लाल दिवा नुसता इशाऱ्याचा नाही. अनेक जुन्या अल्टरनेटरांना जागं करणारा थोडासा प्रवाह त्याच दोन-तीन वॅटच्या बल्बातून जातो. बल्ब उडालेला असेल तर गाडी जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही आणि दोष बिचाऱ्या अल्टरनेटरवर येतो. कप्लर वेगळाच निघाला तर वायरी कापून, पिळून, काळी टेप गुंडाळू नये. जुन्या गाडीच्या भंगारातून तो कप्लर वितभर वायरीसह मागून घ्यावा आणि नीट क्रिंप करावा.

नव्या गाड्यांचं प्रकरण निराळं आहे. त्यांत किती व्होल्ट द्यायचे हे इंजिनचा कॉम्प्युटर एका वायरीवरून अल्टरनेटरला सांगतो. साधा अल्टरनेटर तिथे बसतो, फिरतो, पण दोघांची भाषा जुळत नाही आणि दिवा पेटून राहतो. २०१५ नंतरच्या सियाझ-अर्टिगाच्या एसएचव्हीएस (सौम्य हायब्रिड) मॉडेलांत तर अल्टरनेटरच्या जागी सेल्फचंही काम करणारं यंत्र आहे. त्याच गाडीच्या साध्या मॉडेलचा अल्टरनेटर तिथे लावायचा विचारही करू नये.

जुळला म्हणजे चांगला, असंही नाही.

पुली दोन बोटांनी हळूच फिरवायची आणि डोळे मिटायचे. चांगलं बेरिंग लोण्यासारखं फिरतं, आवाज आला तरी कार्बनची बारीक सळसळ तेवढी. बोटांना वाळूचे कण जाणवले, किंवा पुली मध्येच एका जागी थबकली, तर बेरिंग गेलंय. ते काही मोठं दुखणं नाही. पुढच्या बेरिंगवरचा नंबर वाचून, कित्येकांत तो ६३०३ असतो, चांगल्या कंपनीचं नवं टाकता येतं. मागचंही त्याच वेळी बदलावं. पुली वर-खाली हलवून खळखळ लागली तर मात्र शाफ्टची बेरिंगची जागाच झिजलेली असू शकते, तो परत ठेवावा. कार्बन पाच मिलिमीटरच्या खाली उतरले असतील तर बदलायचे. कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या दोन कड्यांवरून नख फिरवायचं, खाचेत अडकलं तर कड्याही संपल्या. मल्टिमीटरने दोन कड्यांमधला रेझिस्टन्स दोन ते पाच ओहमच्या आसपास यावा. कडी आणि शाफ्ट यांच्यात मात्र जोड दाखवता कामा नये. डायोड एका बाजूने ०.४ ते ०.७ दाखवणार, उलट्या बाजूने काही नाही; दोन्हीकडे सारखं दाखवणारा मेलेला. आणि नाकाचा उपयोग करावा. जळलेल्या वार्निशचा तो कडवट-गोड वास एकदा ओळखीचा झाला की वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याची गुंडाळी, उघडायची गरज पडत नाही.

पुरात बुडालेला मात्र घेऊच नये, कितीही स्वस्त मिळाला तरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी कुर्ल्यात घुसली आणि किती गाड्या नाकापर्यंत पाण्यात गेल्या हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. २०१९ मध्ये उल्हास नदीने बदलापुरात, आणि पुढच्याच महिन्यात सांगली-कोल्हापुरात पुराने तेच केलं. अशा गाड्यांचे भाग बाजारात येतातच. बाहेरून ब्रशने घासून चंदेरी रंग मारला तरी जाळीच्या आत कॉइल आणि खोळ यांच्या फटीत वाळलेला बारीक गाळ राहतो, ॲल्युमिनियमवर पांढरी पिठासारखी पूड धरते आणि बेरिंगचं ग्रीस धुऊन गेलेलं असतं. असा अल्टरनेटर टेबलावर पास होतो आणि महिन्याभरात रस्त्यावर दगा देतो.

बसवताना बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. स्थिरावल्यावर १२.६ व्होल्ट. मेलेली बॅटरी भरून काढायचं काम जुन्या अल्टरनेटरच्या गळ्यात घालणं म्हणजे आजारी माणसाला पहिल्याच दिवशी ओझं वाहायला लावणं. कान आणि ब्रॅकेट जिथे टेकतात तिथला गंज-रंग एमरीने घासून काढायचा, कारण अर्थ त्याच वाटेने जातो. व्ही पट्टा लांब बाजूला अंगठ्याने दाबल्यावर साधारण दहा मिलिमीटर दबावा. गाडी सुरू करून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. एसी, ब्लोअर, दिवे सगळं लावून नुसत्या आयडलवर १३.२ च्या खाली जाऊ नयेत. मग मीटर एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) व्होल्टवर करून त्याच जागी बघायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर एखादा डायोड गेलेला आहे. बी प्लस आणि बॅटरीचं प्लस यांच्यात लोड देऊन ०.३ व्होल्टहून जास्त फरक दिसला तर दोष वायरीत, अल्टरनेटरमध्ये नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, त्याच्यावर हात ठेवून बघावा. रात्रभर बंद असलेल्या गाडीचा अल्टरनेटर कोमट लागला तर डायोडमधून बॅटरी गळतेय. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग बघायची जुनी सवय अजून कितीतरी गॅरेजांत आहे. ती करू देऊ नका. त्या क्षणी निघणारा व्होल्टेजचा झटका गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स मारू शकतो.

एवढं सगळं वाचून वाटेल की मग नवाच का घेऊ नये. परवडत असेल तर घ्यावा. पण त्याआधी आपला जुना एकदा खोलून बघावा, कारण अर्ध्या वेळा नुसते कार्बन किंवा रेग्युलेटर गेलेला असतो आणि जुळवाजुळवीचा प्रश्नच उरत नाही. त्या गृहस्थांच्या अल्टरनेटरचं वाइंडिंग मात्र कोळसा झालं होतं. मिस्त्रीने कापूर दाखवावा तसं ते त्यांच्या नाकासमोर धरलं. पंप चांगला होता.

त्यांनी बिनशेपटाचा परत वर्तमानपत्रात गुंडाळला. तो ठीकच होता, कुठल्यातरी व्हिस्टाला आनंदाने चालला असता. मग थोडा विचार करून त्यांनी बाकावरचा जुनाही उचलला आणि त्याच पिशवीत घातला. पिशवीचा एक बंद तुटला. मिस्त्रीने सुतळी आणून बांधून दिली आणि म्हणाला, "दोन्ही समोरासमोर ठेवायला सांगा त्याला, आणि पंपावर बोट ठेवून बघा." मग तो वाकला, गाडीच्या तिन्ही मोकळ्या पाइपांत धूळ जाऊ नये म्हणून एकेक स्वच्छ चिंधी खुपसली, आणि बॉनेट तसंच उघडं ठेवून पुढच्या गाडीकडे गेला.